तोल गेल्याने पडल्या

१७ ऑक्टोबर

चि. सोन्यास,
ताईचे आशीर्वाद. कसा आहेस हे विचारत नाही, रोज पेपरात फोटो बघते.

तुझे फोनवर फोन येताहेत. मी उचलत नाही म्हणून रुसू नकोस, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. ऑफिसात आनंदीआनंद असणार. ज्यांना मी रोज फैलावर घ्यायची ते फुलं घेऊन येतात, माझं मिटलेलं तोंड बघतात आणि खूश होऊन परत जातात मेले!

बातमी म्हणजे, मोठे साहेब निवृत्त होताहेत आणि तुझी गाणी काढणारी आमची कंपनी माझ्या हाती द्यायचं घाटत होतं. तुझी पहिली सीडी घेऊन आपण रेडिओवाल्यांचे उंबरठे झिजवायचो, आठवतं? तेव्हा मी म्हणायचे, एक दिवस मोठ्या साहेबांच्या खुर्चीत मी बसेन, मग बघू तुझं गाणं कोण अडवतो. त्यासाठीच राबले रे.

जेवण म्हणजे पातळ सूप, तेही नळीने. जबडा तारेने बांधलाय. तुझ्यावर दातओठ खायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस.

आई उशाशी असते. म्हणते, "तो मनाने वाईट नाही गं, रागात भान राहत नाही त्याला." मी कागदावर लिहिलं, "मग स्वतःचं डोकं का नाही आपटत भिंतीवर?" तिने वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

बरं, आता त्या दुपारचं लिहिते. किती टाळणार?

तालमीत ड्रमवाला ठेका चुकला. तू माइकचा स्टँड उचललास, तो लोखंडी बुडाचा. ड्रमवाला बिचारा डोक्यावर हात घेऊन खाली बसला आणि मी मध्ये आले. पहिला फटका त्याच्यासाठी होता, मला खांद्यावर बसला. तो चुकून लागला हे मी देवाशपथ मानते. पण मी खाली पडले, तू वाकून माझ्याकडे बघितलंस, ओळखलंस, आणि स्टँड पुन्हा उचललास. दुसरा माझाच होता, सोन्या. माइक त्यात अडकलेला होता, चालू होता. माझं हाड मोडल्याचा आवाज सगळ्या रिकाम्या हॉलभर ऐकू आला. तूही ऐकलास.

आणि मी काय केलं, माहितेय? रक्त गिळत पर्समधून कागद काढला आणि पेपरवाल्यांसाठी निवेदन लिहिलं. "तालमीदरम्यान तोल गेल्याने पडल्या. प्रकृती स्थिर." ॲम्ब्युलन्स यायच्या आत! हात आपोआप चालला. कीबोर्डवाल्याची बोटं तू पेटीच्या झाकणात चिरडलीस, तेव्हा मी "सामान हलवताना अपघात" लिहिलं होतं. तुझी बायको सोडून गेली तेव्हा "परस्पर संमतीने." तिचा सुजून बंद झालेला डोळा मी स्वतः बघितला होता. डोक्यावर बर्फ ठेवून केलेल्या याच कामाचं साहेबांना कौतुक, आणि त्याच कौतुकावर माझ्या बढत्या.

काल साहेब आले. माझा तो कागद त्यांच्याकडेच होता, वर रक्ताचा डाग. "एवढी सही कर. त्याच्या दौऱ्याची तिकिटं संपलीत. पुढच्या महिन्यात खुर्ची तुझी." मी पेन घेतलंही होतं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात ड्रमवाला भेटायला आला. दारातूनच म्हणाला, "मॅडम, मी काय बघितलं ते तुम्हीच सांगा. तसंच सांगेन सगळ्यांना. मला काम सोडता येणार नाही." त्याला राग नव्हता रे, तो नेहमीसारखा विचारत होता. माझ्या हाताखाली सगळे हेच शिकले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी पेन साहेबांना परत दिलं.

आज सकाळी पोलिसांना जबाब लिहून दिला. दोन्ही फटके लिहिले. बोटं लिहिली, डोळाही लिहिला. दुपारी साहेबांचा निरोप आला, खुर्ची दुसऱ्याला गेली. जबाब दिल्यापासून आई माझ्याशी बोलत नाही. मलाही बोलता येत नाही, फिट्टंफाट.

हे पत्र तीच घेऊन येते आहे. मागोमाग पोलीस येतील. पळू नकोस, आणि कुणावर हात उचलू नकोस, आईसमोर तरी नको. जाताना मफलर घे. गारठा तुझ्या गळ्याला सोसत नाही.

तुझीच ताई
(मी पडले नव्हते.)