चाळीस मिनिटांत माथा

३ मार्च
ठरलं! या महिन्यात डोंगर चढायचाच. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिला कबूल केलं होतं, वरच्या पॉइंटवरून आपलं घर दाखवीन. त्याला सतरा वर्षं झाली. असू दे. मी शब्दाचा पक्का आहे. ऑफिसात या डोंगराचे नकाशे मीच काढतो, वाट कुणाला विचारायची गरज नाही. पट्टी लावून मोजलं. पावणेदोन किलोमीटर, म्हणजे चाळीस मिनिटं. हिला सांगितलं. नुसतं हं म्हणाली.

४ मार्च, पहाटे ५.३०
गजर झाला. पण पहिल्याच दिवशी शरीरावर जबरदस्ती नको.

९ मार्च
नवे बूट. दुकानदार म्हणाला, घरात घालून सवय करा. दिवसभर घातले, अगदी जेवतानाही. दोन्ही टाचांना फोड. सराव बंद. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार आहे.

१५ मार्च
जिन्याचा सराव. दुसऱ्या मजल्यावर शेजारचे काका भेटले म्हणून थांबलो. धाप लागली म्हणून नव्हे. पुढचे दोन मजले लिफ्टने. हिला बजावलं, तूही जरा हातपाय हलव, नाहीतर मागे पडशील. ही हसली. हिला कशाचं गांभीर्यच नाही!

२२ मार्च
गजर बिघडलाय. ही म्हणते, रोज वाजतो आणि मीच बंद करतो. पुरावा काय?

२९ मार्च, रविवार, सकाळी ८.००
तिसरं वळण. दगडावर बसून लिहितोय. पन्नास मिनिटं झाली, माथ्याचा पत्ता नाही. आत्ता आठवलं, नकाशात अंतर आडवं मोजतात, चढ धरतच नाहीत. बावीस वर्षं हेच काम करतोय मी! छे, नकाशेच बदलायला हवेत. बसलोय ते हिच्यासाठी. ही दमलेली दिसत नाही, पण सांगितल्यावर बसली बिचारी.

८.२०
वरून उतरणाऱ्या एका आजोबांनी हिला विचारलं, आज उशीर? मागून दोन बायका आल्या. एकीने माझ्याकडे बघून विचारलं, हेच का ते? ही म्हणाली, हेच.

दुपारी
तिथूनच परत फिरलो. पाय गरम पाण्याच्या बादलीत. गेली दोन वर्षं ही रोज सकाळी वर जाते. मला वाटायचं, दूध आणायला जाते. मला का नाही सांगितलंस म्हणून चिडलो. म्हणाली, पंधरा वर्षं तुमची वाट बघितली, मग म्हटलं गुडघे धड आहेत तोवर जाऊन यावं.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग विचारलं, वरून आपलं घर दिसतं का गं?
म्हणाली, लगेच ओळखू येतं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तेवढीच एक खिडकी बंद असते.