बोटानं ओढलेला मास्क

बोरी अरब,
मार्च २०१८

प्रिय दीपा,

सप्रेम जय भीम. शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासून तू माझी दीपाच आहेस. माझ्या भावाशी लग्न केलंस तरी तुला वहिनी म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. उमरखेडला आईकडे तुझं आणि बाळीचं बरं चाललं असेल. तिचा फोटो आला की इथे सगळे फोनवर वाकतात. दादा एकदाच पाहतो आणि उठून अंगणात जातो. परवा तू फोनवर विचारलंस, की बारसं झालं तरी हे अजून पोरीला बघायला का आले नाहीत. मी विषय बदलला, कारण तो शेजारीच बसला होता. म्हणून आज लिहायला बसले.

आधी माझ्या कामाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोहाऱ्याच्या आमच्या ऑफिसात सध्या फवारणीवरचा कोर्स बनतो आहे, येत्या हंगामाआधी गावोगावी टॅबलेटवर दाखवायला. गेल्या वर्षी बोंडअळी काय आली, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत औषध मारता मारता माणसं कशी कोसळली, हे तुला काय सांगायचं? दुसऱ्याच्या वावरातून दादाला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा गाडीत तूच त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस, पोटुशी असताना. तर कोर्सचा जो भाग मी करते, त्यात पडद्यावर एक फवारणीवाला उभा असतो. बाजूला मास्क, चष्मा, हातमोजे, बूट. बोटानं एकेक वस्तू ओढत न्यायची आणि त्याच्या अंगावर जागच्या जागी सोडायची. हातानं केलेलं माणूस विसरत नाही, असं आमचे उत्तमसिंग सर म्हणतात.

गावातल्या विहारात पहिली चाचणी घेतली. दादाला मी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला. त्यानं मास्कवर बोट ठेवलं, पण तुला माहीत आहे, विषबाधेनंतर त्याचा उजवा हात कसा थरथरतो ते. मध्येच बोट उचललं जायचं आणि मास्क परत कोपऱ्यात पळायचा. अशा कोर्समध्ये तशीच पद्धत असते: नेम चुकला की वस्तू मूळ जागी. वर लाल फुली आणि टूं असा आवाज. चारचौघांत तो आवाज होत राहिला. मग दादानं हात काखेत दाबून धरला आणि घरी निघून गेला.

मी सरांना म्हटलं, हे बदलू द्या. बोट सुटलं तर वस्तू सुटली तिथेच थांबेल. जवळ आली की जागाच तिला अलगद ओढून घेईल. फुली नाही, आवाज नाही, घड्याळ नाही. आणि ज्याला ओढणं जमतच नाही, त्यानं वस्तूला एकदा बोट लावायचं, मग जागेला लावायचं, की झालं. सर खूप वेळ टॅबलेटवर बोट फिरवत बसले आणि मग हो म्हणाले.

दुसऱ्या चाचणीला दादाला शेजारच्या हंसाबाईनं हाताला धरून आणलं. मी त्याला ती सोपी रीत दाखवली. तो म्हणाला, "नाही, मले वढूनच पाहू दे."

दीपा, मी खूप कोर्स केले, पण असं काही पाहिलं नव्हतं. मास्क इवलासा सरकायचा, बोट उडायचं, तो श्वास घ्यायचा, पुन्हा बोट टेकवायचा. कापूस वेचून आलेल्या बाया उभ्याच राहिल्या. दादाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि नजर पडद्यावरून हलत नव्हती. आपल्या घरातला हा माणूस मी जन्मापासून पाहते आहे, पण त्या दिवशी तो मला कोणी अनोळखी, फार मोठा माणूस वाटला. शेवटी मास्क पडद्यावरच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. दादानं मान वर करून एवढंच विचारलं, "सुटलं तरी मांगं जात नाही न आता?" मी नाही म्हटलं. मग त्यानं हातमोज्याला बोट लावलं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर तो खाटेवर बसलेला. मांडीवर घडी केलेली गोधडी, दोन्ही हात तिच्याखाली. मला पाहून त्यानं ती सोडली नाही. म्हणाला, "पोरगी हातातून पडन म्हणून मी आलो नाही, अपेक्षा. आता जमन काय मले?"

तो रविवारी निघतो आहे, दारव्हा-पुसदवरून एसटीनं, सोबत मी आहेच. तू त्याच्यावर रुसली असशील, तो रुसवा माझ्यावर काढ. तो आला की त्याला भिंतीला टेकून बसव आणि बाळीला त्याच्या मांडीवर दे. त्याचे हात कापतील. तुझ्या आईला आधीच सांगून ठेव, कोणी घाबरून धावायचं नाही. आणि तू, तुझे हात तिच्याखालून काढून घे.

तुझीच,
अपेक्षा