लाँच दम का सोडते

९ मार्च, दुपार

प्रिय बाळ्या,

तुम्हां तिघांना ताईचे अनेक आशीर्वाद. छोटीला एक जास्तीचा. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा थंडीत फार कुरकुरत होता, आता शहाण्यासारखा वागतोय. स्वयंपाकघराची खिडकी एकदाची दुरुस्त करून घेतली. आता ती उघडतेसुद्धा आणि मिटतेसुद्धा, दोन्ही एकाच दिवशी.

तू रागावलेला आहेस हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल आत्ताच काही लिहीत नाही. आधी आपल्या लाँचचं सांगते.

गेले काही आठवडे ती मध्येच दम सोडत होती. धक्क्यावरून झोकात निघायची, आणि अर्धी खाडी ओलांडली की इंजिनाचे फेरे आपोआप उतरायचे. रेसचा दांडा कितीही पुढे ढकला, बाईसाहेब रांगायला लागलेल्या. इंजिन बंद करून जरा थांबलं आणि परत चालू केलं की जणू काही झालंच नाही. एका सकाळी माणसं भरलेली असताना हेच झालं आणि ओहोटीचं पाणी आम्हाला खडकांच्या बाजूला ओढायला लागलं. मी बांबू लावून लाँच खडकापासून दूर रेटली, तोंडावर हसू ठेवून, लोक घाबरू नयेत म्हणून. पण एक गोष्ट मला खटकली. फेरे उतरल्याचं आम्हा सगळ्यांना कळलं होतं, बाकावरच्या म्हातारीलासुद्धा. सुकाणूवर उभ्या बाबांना मात्र मी खांद्याला हात लावेपर्यंत पत्ता नव्हता. वाटलं, विचारात असतील.

बाबांची तपासायची रीत तुला माहीतच आहे. पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग निकाल. तो निकाल कधी चुकला नाही, म्हणून तर दुसऱ्या लाँचवालेही त्यांना बोलवायचे. या वेळी त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, इंजेक्टर. सगळे काढून तपासून आणले, ठणठणीत निघाले. मग म्हणाले, पंप. पंपालाही काही झालं नव्हतं. मग पेचकस खाली ठेवून म्हणाले की इंजिनच संपलंय, लाँच विकून टाकू. दुसऱ्या दिवशी भंगारवाला धक्क्यावर हजर. मी त्याला चहा पाजला आणि पुढच्या आठवड्यात ये म्हणून कटवला.

फेरी नसते त्या दिवशी मी स्वतःच शोधायला बसले. मला कानाने काही कळत नाही, तेव्हा मी आपली बाहेरून आत निघाले. ओहोटीला लाँच चिखलावर टेकली तेव्हा खाली जाऊन पाणी कापणारा पंखा बघितला. दोर नाही, जाळं नाही, पातं वाकलेलं नाही. हवेचा फिल्टर काढला, स्वच्छ. दम सोडताना धूर काळा येत नव्हता, म्हणजे हवा कमी पडत नव्हती. इंजिन उपाशी होतं, त्याला डिझेल पोचत नव्हतं. डिझेलचा फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, खाडीत नेली, पुन्हा तेच.

मग मी एक डबा डिझेलने भरून उंचावर बांधला आणि त्यातून नळी थेट इंजिनाच्या फिल्टरला जोडली. टाकीला सुट्टी. बाबा सुकाणूवर, मी डब्याशी. पलीकडच्या तीरापर्यंत आणि परत, पूर्ण रेसवर, एकदाही अडखळली नाही. असं पळालं बघ ते संपलेलं इंजिन! म्हणजे दुखणं टाकीत नाहीतर टाकीच्या नळीत. हवा जायचं भोक बुजलं असेल म्हणून टाकीचं झाकण उघडं ठेवून चालवलं, तरी दम सोडलाच. शेवटी धक्क्याला लावून इंजिन बंद केलं, टाकीत उतरणारी नळी उपसून काढली, आणि नंतर जाळीने तळ ढवळला. जाळीत आलं काय, तर नव्या डब्याच्या तोंडावर असतं ना, ते चंदेरी सील. ओतताना टाकीत पडलेलं. इंजिन जोरात ओढायला लागलं की ते नळीच्या तोंडाला जाऊन चिकटायचं. इंजिन बंद, ओढ बंद, की सुटून खाली. पोलीस आले की चोर सभ्य माणसासारखा घरी जाऊन झोपावा, तसं.

मी ओरडले, "बाबा, सापडलं!"

ते माझ्याकडे पाठ करून सुकाणू पुसत होते. वारा नव्हता, पाणी शांत होतं. मी परत हाक मारली. परत. ते पुसतच राहिले. मग मी जाऊन ते सील त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी आधी सीलाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"किती वेळ हाका मारत होतीस?" त्यांनी विचारलं.

ते तिथेच बाकावर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. डावा कान पूर्ण गेलाय. उजव्यात कापूस कोंबल्यासारखं असतं. पेचकसातून हाताला थरथर कळते, आवाज येत नाही. तरी कानाला लावून आठवणीने काहीतरी सांगत होते, कारण लोक समोर उभे असतात. "इंजिन ओरडलं तरी मला कळणार नाही," म्हणाले, "आणि लाँचमध्ये माणसं बसलेली असतात. म्हणून म्हटलं, विकून टाकू."

तेव्हा, बाळ्या, मला तुझा फोन आठवला.

तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलं होतं. तिच्यावर चिडू नकोस. तू बाबांना म्हणालास की इथलं काम सुटलंय, आम्ही तिघं घरी येतो म्हणतोय, येऊ ना? आणि ते म्हणाले, "नको रे, इकडे काही कमी नाही. तुम्ही तिकडेच सुखात राहा." तू फोन ठेवलास, तो ठेवलासच. मीही तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. ताट वाढायचे, आणि समोर बसायचे नाही. असा कसा बाप, असं मनात यायचं.

अरे, त्यांना तुझा प्रश्न ऐकूच गेला नव्हता. तू नेहमी विचारतोस ना, काही पाठवू का, तेच विचारत असशील असं धरून त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं.

मी उजव्या कानाशी तोंड नेऊन त्यांना ते सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

"तो काय समजला असेल गं?"

मी म्हटलं, जे कुणीही समजेल तेच.

ते उठले आणि घरी गेले. मी टाकी बंद करून मागून पोचले, तर तुझ्या खोलीतून जुने पंखे, गंजके पाइप, फाटकी जाळी एकेक ओढून अंगणात काढत होते, त्या गुडघ्यानिशी. मला बघून थांबले. "पोरगी केवढी झाली आता? खाटेची लांबी पुरेल का तिला?" मी म्हटलं, पुरेल.

भंगारवाल्याला ते सगळं सामान दिलं, तोही खूश. परवापासून सुकाणू मी धरते. बाबा दोर सांभाळतात आणि लोकांना चढायला-उतरायला हात देतात. कानाच्या डॉक्टरांकडे पुढच्या सोमवारी नेते आहे. यंत्र लावायला तयार झालेत, पण लहानात लहान हवं म्हणे. एकटीने सुकाणू आणि इंजिन दोन्ही बघणं जड जातंय, हे मी खरं तेच लिहिते, तुला बोलावण्यासाठी नाही. बोलावणं त्यांचं आहे.

तुझा प्रश्न पुन्हा विचार, आणि त्यांनाच विचार. पण कागदावर, मोठ्या अक्षरात. मी वाचून दाखवणार नाही.

या घरात तुला 'नको' कुणीच म्हटलं नव्हतं, हे उशिरा कळलेली,

तुझी ताई