पिंजऱ्यात राखून ठेवलेली जागा

६ एप्रिल, रविवार
सारंगचा मेसेज आला. दोन वर्षांनी, आणि थेट माझ्या फोनवर. 'बाबा, जुलैत या. बोटीवर तुमची जागा राखून ठेवतो. शार्क दाखवतो.' अकाउंटन्सीची डिग्री अर्धवट सोडून चिरंजीव ऑस्ट्रेलियात एका बोटीवर कामाला आहेत. टूरिस्टांना पिंजऱ्यात घालून समुद्रात सोडतात आणि ग्रेट व्हाइट शार्क दाखवतात. शेवटी माघार त्यानेच घेतली. मीही मोठ्या मनाने जायचं ठरवलं. सुरेखाला म्हटलं, त्याला कळव, येतोय. ती म्हणाली, मेसेज तुम्हाला आलाय, तुम्हीच लिहा. पण आमच्याकडे बाप-लेकाचे निरोप आईमार्फत जातात. पद्धत आहे.

१२ एप्रिल
तिकीट काढलं. २ जुलै, अ‍ॅडलेड.
दोन वर्षांपूर्वीच्या त्या भांडणाची एकदा नोंद करून ठेवतो. 'पुन्हा फोन करू नकोस' असं मी म्हणालोच नव्हतो. 'डिग्री हातात आल्याशिवाय फोन करू नकोस' म्हणालो होतो. फरक आहे. आवाज चढला असेल. लाइन खराब होती.

२० एप्रिल, सकाळी ७
संकल्प: रोज अर्धा तास सोसायटीच्या (इथे काँडो म्हणतात) पूलमध्ये. पोहता येत नाही, पण पिंजऱ्यात पोहावं लागतच नाही. वरून हवेची नळी येते. नुसतं डोकं पाण्याखाली ठेवून उभं राहायचं. मी बँकेत रिस्क सांभाळतो, आकडे पाहिले. धोका नगण्य.
७.४०. पाणी फार गार. उद्यापासून.

३ मे
डोकं पाण्याखाली: चार सेकंद. मास्क गळका निघाला. सातव्या मजल्यावरच्या शैलाताई, वय बहात्तर, शेजारून वीस लेंग्थ मारून आल्या. म्हणाल्या, अभय, डोळे इतके घट्ट मिटलेत, शार्क तुम्ही बघणार की तो तुम्हाला? हसून सोडून दिलं. त्यांना तंत्र माहीत नाही.

१७ मे
सहा सेकंद. म्हणजे पन्नास टक्के वाढ. या दराने जुलैपर्यंत बावीस.
इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात शिरीषने विचारलं, सारंग हल्ली काय करतो? म्हटलं, मरीन टूरिझम, ऑपरेशन्स साइड. आणि पुढे हेही सांगितलं की मी पिंजऱ्यात उतरणार आहे. टाळ्या पडल्या. घरी येताना MRTत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सुरेखा आमचं सेरंगून स्टेशन येईपर्यंत डोळे मिटून बसली. दमली असेल.

८ जून
पाण्याखाली असताना मनात आलं, वर आल्यावर माझा मास्क काढायला सारंगच असेल. समोरासमोर. तेव्हा बोलायचं काय?
तीन सेकंद. सायनसचा त्रास दिसतोय.

१० जून
बोलायचे मुद्दे काढले. एक, तिकडची थंडी. दोन, डिग्री अजूनही पूर्ण करता येते. तीन, माझं चुकलं.
तिसरा खोडला. तो मुद्दा नाही, नुसतं वाक्य आहे.

२४ जून
ऑफिसात तिमाही संपत आली आहे. बॉसला म्हटलं, गरज असेल तर सुट्टी रद्द करतो. ते म्हणाले, अजिबात नाही. तरीही थांबलेलं बरं, जबाबदारी असते. सुरेखाला म्हटलं, त्याला कळव, अचानक काम आलं. ती बराच वेळ मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, मी जाते. तुला पोहता येत नाही, मी लक्षात आणून दिलं. तुम्हाला तरी कुठे येतं, म्हणाली.

२ जुलै
तिला चांगी विमानतळावर सोडलं. आत जाताना तिने विचारलं, सारंगला काही सांगू? म्हटलं, स्वेटर घालत जा म्हणावं.

५ जुलै, दुपारी १
व्हिडिओ आला. काळ्या रबरी सूटमध्ये सुरेखा ओळखूच येत नाही. सारंग तिचा मास्क घट्ट करतोय. दाढी ठेवली आहे. खांदे भरलेत. त्याने विचारलं, बाबा खरंच कामामुळे नाही आले? ती म्हणाली, हो रे. मग तो म्हणाला, ओके लाह (इथल्या लोकांसारखं 'लाह' जोडायची सवय अजून सुटलेली नाही), आई, नळी दातांत धर, घाबरू नकोस, मी इथेच आहे. तिने धरलेला त्याचा हात पिंजऱ्यात उतरेपर्यंत सोडला नाही. पुढे पाणी, बुडबुडे, शार्क वगैरे असावा. मी एवढाच भाग अकरा वेळा पाहिला.

दुपारी ३
फोन लावला. सुरेखाचा आवाज बसला होता, पण खुशीत होती. म्हटलं, त्याला सांग, व्हिडिओ पाहिला, काम चांगलं करतो. ती म्हणाली, समोरच उभा आहे, त्यालाच देते. मी म्हटलं, नको नको, तो कामात असेल, तूच सांग.
मग ती त्याला म्हणाली, बाबा म्हणतात, काम चांगलं करतोस.
तो म्हणाला, त्यांना थँक्स सांग.
ती मला म्हणाली, थँक्स म्हणतोय.
बरं, म्हटलं.