देव कोणत्या भिंतीकडे

२ एप्रिल, बुधवार
आमच्या चर्चाचा पंथ पुन्हा बदलला! आजपासून हालेलुयावाल्यांचं. मी तर खूश. नवे लोक, नवी गाणी — ढोलकपण येणार म्हणे! पण माझा बुढा नवरा फणकारला, "बदलू दे. मी नाई येत."

झालं! मेच्या अकरा तारखेले रोशनीचं लगन, याच चर्चात. एकुलती नात! अन् आमच्या बाकावर मी एकटीच बसू? वीस वर्षं तशीच बसून राह्यली. लगनात तरी बाजूले बसा म्हटलं, तर म्हणते, "मंडपात बसीन. जेवाले."

३ एप्रिल
काल मोहाची फुलं वेचून थकली, लिहिता लिहिताच झोपली. बुढा काऊन रुसला ते राह्यलंच.

पयले चर्च गोऱ्या मिशनवाल्यांचं. देव, म्हणजे क्रूस, उगवतीच्या भिंतीकडे. बुढा सुतार, सारी सागवानी बाकं त्याच्या हातची. मिसबाई गोड बिस्किटं देत — अजून चव जिभेवर आहे. मग फादर आले. देव मावळतीकडे नेला! बुढ्यानं सारी बाकं वळवली, वरून गुडघे टेकाले फळ्या ठोकल्या. फादर केरळचे, केळाचे वेफर आणत. मग तिसरे आले — "फळ्या काढा, बाकं खिडकीच्या भिंतीकडे फिरवा." फिरवता फिरवता एक बाक बुढ्याच्या अंगठ्यावर पडलं. नख गेलं. तवापासून एकच बोलणं — "देवाले म्हणा, एका भिंतीकडे बस. मग मी येतो."

तिसऱ्यांचा चहा पानचट होता. असो.

६ एप्रिल, रविवार
नवे पास्टर धनराज. पोरगाच आहे, सिरोंचाकडला. म्हणाले, मेंबर व्हायचं तर बोडीच्या तळ्यात पुरती बुडी घ्या, डोक्यावरचे शिंतोडे चालत नाई. मी म्हटलं, "माझे दोन बाप्तिस्मे झाले, तिसरा घेते!" शेजारची बुधरी म्हणे, "गुणाबाई, देव तुले तोंडावरून ओळखत असन आता."

अन् पास्टर म्हणाले, बाकं दरवाजाकडे फिरवू! घरी सांगतलंच नाई.

७ एप्रिल
बुधरीनं सांगतलं. बुढ्यानं भात ताटातच ठेवला.

२० एप्रिल, इस्टर
माय वं! काय दिवस!

बोडी आटलेली, कमरेएवढं पाणी, खाली नुसता गारा-चिखल. बुधरीच्या म्हशी आधीच बसलेल्या, हटतच नव्हत्या. पास्टर म्हणाले, "राहू द्या, त्याही देवाच्याच." पयली मी. डुब्ब! डोक्यावर शेवाळ घेऊन निघाली. असं थंडगार वाटलं! बुढा गंमत पाहाले आलता, काठावर हसून राह्यला — "चौथ्यासाठीबी जागा ठेव वं!"

मग पास्टरचाच पाय गाऱ्यात रुतला. पालथे पडले, हातपाय मारू लागले. बुढा धोतरासकट धावला, कॉलर धरली — अन् म्हशीनं अशी कूस बदलली का दोघंही पाण्याखाली! वर आले तसा पास्टरनं श्वास घेतला, बुढ्याच्या डोक्यावर हात ठेवला अन् बाप्तिस्म्याचे बोल म्हणूनच टाकले — पित्याच्या, पुत्राच्या...

काठावर सारे — हालेलुया!

बुढा ओरडला, "हे मोजू नका! मी याले काढाले आलतो!"
बुधरी म्हणे, "लटारूभाऊ, भिजले म्हणजे भिजले!"

मी हसून हसून बसलीच.

२१ एप्रिल
पास्टर घरी आले. "बाबाजी, तुमी मले काढलं. तुमी म्हणाल त्या भिंतीकडे बाकं." बुढ्यानं कोपऱ्यातली हातोडी उचलली. मग, "उगवतीकडे. पयले होती तशी. अन् मी ठोकीन."

२६ एप्रिल, शनिवार
दिवसभर चर्चात ठोकठोक! बाकं फिरवली, लोखंडी पट्ट्या लावून पार फरशीत आवळली. हत्तीनं ओढलं तरी हलायची नाई. पास्टर पाहतच राह्यले. लगनाले चर्चात बसता का, असं मी विचारलं. "पाहू," म्हणे. पाहू! वीस वर्षांत पयल्यांदा "नाई" म्हटलं नाई!

१० मे, शनिवार
हळदीत खबर आली — जूनपासून चर्च पुन्हा फादरवाल्यांचं! म्हणजे देव पुन्हा मावळतीकडे. भीत भीत बुढ्याले सांगतलं.

बुढा हसला. "बाकं तर आता वळत नाई. देवालेच वळाले सांग."

अन् विचारलं, "उद्या आपल्या बाकावर मी कोण्या बाजूनं बसू?"