पासष्ट सालचे विजेते आम्हीच

१४ ऑगस्ट २०१७, सकाळ
पेपरात वाचलं. शेजारच्या राज्यातल्या एका कॉलेजने अमेरिकन फुटबॉलचं ऐंशी वर्षांपूर्वीचं राष्ट्रीय विजेतेपद काल जाहीर केलं. स्वतःच, स्वतःला. चालतं म्हणे. तेव्हा विजेता ठरवणारं एक असं कुणी नव्हतंच. वर्तमानपत्रं, मासिकं, गणिताचे मास्तर, जो तो आपली यादी काढायचा. सोयीची यादी शोधायची आणि स्टेडियमवर साल रंगवायचं.
मग आमच्या कॉलेजचं पासष्ट साल का नको? माझा अल्सीड त्या संघाचा किकर, दोन खांबांमधून चेंडू मारून गुण मिळवणारा. शेवटची किक चुकली ती अजून सलते त्याला. बोलत नाही, पण बायकोला कळतं.
संकल्प: हे काम फक्त त्याच्यासाठी. गुपचूप. कुणाला सांगायचं नाही.

१४ ऑगस्ट, दुपार
वेल्माला सांगितलं. सख्खी नणंद, परकी थोडीच आहे? म्हणाली, "वहिनी, शेवटची मॅच आपण हरलो होतो. अख्ख्या लुइझियानाला माहीत आहे." मी म्हटलं, तेव्हा याद्या डिसेंबरातच निघायच्या, नववर्षाच्या त्या शेवटच्या सामन्याआधी. लग्न लागल्यावर नवरदेव घसरून पडला म्हणून लग्न मोडतं का? म्हणाली, "आपटला मात्र जोरात."
संकल्प: वेल्माशी बोलणं कमी.

२ सप्टेंबर
सापडली! लायब्ररीच्या खोक्यात. भूमितीच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्रक, ६ डिसेंबर १९६५. छोट्या कॉलेजांत पहिले आम्ही. ग्रंथपालबाईंनी विचारलं, हे वाचायचं कोण? प्रती चाळीसच निघायच्या. मी म्हटलं, दर्जा बघा.
घरी अल्सीडला दाखवलं. कोळंबी सोलत होता, सोलतच राहिला. आनंदाने शब्द फुटेना बिचाऱ्याला.

१९ सप्टेंबर
कॉलेजच्या क्रीडाविभागाचे गिड्रो साहेब भेटले. इकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात. म्हणाले, "मिस ओडेट, विजेतेपद आम्हाला हवंच आहे. आत्ताच्या पोरांकडून ते मिळायची काही चिन्हं नाहीत." त्यांना हयात नऊ खेळाडूंच्या सह्या हव्यात.

३ ऑक्टोबर
आठ झाल्या. एकाने पेन्शनचा कागद समजून केली. गैरसमज दूर करायला वेळ झाला नाही.
अल्सीड म्हणतो पेन चालत नाही. नवं दिलं. तेही चालेना म्हणे.

५ ऑक्टोबर
त्याची सही मीच केली. नवरा-बायको एकच, हे आमच्या लग्नात फादरनीच सांगितलंय.

९ ऑक्टोबर
गिड्रो साहेबांचा फोन. "मिस ओडेट, नवव्या नंबरची सही फारच देखणी आहे हो. आमच्या किकरचं अक्षर असं?" शाळेत सिस्टर बर्नाडेटने सात वर्षं बोटांवर पट्टी मारून वळवलेलं माझं अक्षर. मुद्दाम वाईट काढलं तरी गोलच येतं. दोष कॉन्व्हेंटचा. आठांवर भागवू म्हणाले.
शनिवारी पापाची कबुली द्यायला चर्चमध्ये जायचं. शनिवारी मॅच आहे. पुढच्या शनिवारी.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
अल्सीडला सहीचं कळलं. वेल्मा! ओरडला नाही. म्हणाला, "अगं, हरून परतताना त्या रात्री मी बसमध्ये ढाराढूर झोपलो होतो. रडत तू होतीस. माझ्या आईने दोन टॉवेल दिले तुला." मी म्हटलं, तुझ्यासाठीच रडत होते. म्हणाला, "मग आता पुरे की. माझं झालंय."
पुरुषांना स्वतःचं दुःखसुद्धा कळत नाही.

११ नोव्हेंबर
पाटी लागली! '१९६५ राष्ट्रीय विजेते'. बँड, भाषणं. मी निळ्या ड्रेसमध्ये, पहिल्या रांगेत. अल्सीड आला नाही, गुडघा दुखतो. मला डावा सांगितला, वेल्माला उजवा.

१८ नोव्हेंबर
ज्यांनी आम्हाला हरवलं होतं, त्या कॉलेजनेही पासष्टचं विजेतेपद जाहीर केलं. इतकी वर्षं सुचलं नव्हतं, आमची बातमी वाचून सुचलं म्हणे. पुरावा म्हणून जुना फोटो: अल्सीडची किक, चेंडू खांबाच्या चांगला बाहेर. राज्यातल्या सगळ्या पेपरांत, अर्धं पान. लोक विसरून गेले होते. मी आठवण करून दिली.
पेपर लपवायला धावले, तर अल्सीड तीन प्रती घेऊन टेबलाशी बसलेला. कात्री मागितली. मी विचारलं, वाईट नाही का रे वाटत? म्हणाला, "किक वाईटच होती. पण चार सेकंद उरले होते, अख्खं स्टेडियम उभं, आणि कोचने हाक कुणाला मारली? आणि पाय बघ की. केवढा वर गेलाय!"
पाय खरंच वर गेलाय. एकवीस वर्षांचा, काय देखणा दिसतो. हा क्षण मी आज पहिल्यांदा पाहिला. तेव्हा डोळे मिटून माउली मेरीची प्रार्थना म्हणत होते. फोटोतल्या गर्दीत स्वतःला शोधलं, तर दुसऱ्या रांगेत सापडले. डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, टोपी वाकडी.
म्हटलं, नुसता तुझा तुकडा काप, मला वगळ. त्याने ऐकलं नाही. कात्री लांबून फिरवत माझ्या टोपीपर्यंत नेली आणि म्हणाला, "हलू नकोस. टेबल हलतं."