नागरमोथ्याची पुडी

सिल्वासा,
ता. १८ सप्टेंबर १९६४

सौ. प्रमिलेस अनेक आशीर्वाद. चि. नलिनीने हे पत्र आईला वाचून दाखवावे. सावकाश वाच गं, तू भराभर वाचतेस.

इकडे ठीक. माझा खोकला आहे तसाच आहे. सूनबाई लीला काढा देते, पण तुझ्यासारखा आटवत नाही. तिला तसे बोललो नाही. गेल्या रविवारी चि. भास्कर ठाण्याला तुम्हाला भेटून आला. तुझा विषमज्वर उतरला, चार घास खातेस, एवढे म्हणाला. आई परत कधी येणार विचारले, तर कपडे बदलायला आत गेला.

नातू लहान आहे म्हणून राहतेस, असे तू कळवलेस. असेल. पण तो तर आता रांगत असेल.

शाळेतल्या जयवंतमास्तरांच्या हाती हे पत्र आणि नागरमोथ्याची पुडी देतो. पुडी ओली होऊ नये म्हणून दोनदा गुंडाळली आहे, तरी काळजी वाटते. डोकमर्डीकडे भाताच्या बांधावर लव्हाळा माजला आहे, त्याच्या मुळाशी या काळ्या गाठी मिळाल्या. पहिल्या दिवशी आणलेल्या बिनवासाच्या निघाल्या. पात दिसायला तीच, म्हणून फसलो. दुसऱ्या खेपेला एकेक गाठ नखाने खरवडून, हुंगून घेतली. शेतवाला बघत होता. म्हणाला, "काका, बांध झाला, आता शेतही निंदून द्या." मी म्हटले, घरी लागतो. तर म्हणाला, "सगळा न्या. वरून कितीही कापा, गाठ आहे तोवर परत येतोच हा."

लीला कुटून देते म्हणाली. मी नको म्हटले, तुला जाडसर लागतो. थोडा लुगड्यांत ठेव, पावसाळी कुबट वास जातो. बाळाच्या आंघोळीच्या पिठात चिमूटभर घाल. ताप उलटला तर वैद्यांना विचारून काढा घे.

आणखी एक उपयोग तुला ठाऊक आहे. दर शुक्रवारी तू शिकेकाईत घालून न्हालीस की घरभर हाच वास असायचा. केसांचे पाणी ओसरीवर गळते म्हणून मी कुरकुरायचो. आता ओसरी कोरडी असते.

नलिनी, इथे थांब. पुढचे वाचू नकोस. कागद आईच्या हातात दे. मी मोठी अक्षरे काढतो, ती लावून लावून वाचेल.

प्रमिले,

भास्कर स्वयंपाकघरात लीलाला हळू सांगत होता. मला ऐकू येत नाही असे त्यांना वाटते. तापात तुझे केस काढावे लागले. मला कळवायचे नाही अशी तू शपथ घातलीस. केस वाढेपर्यंत सिल्वासात यायचे नाही म्हणालीस. बाया विधवा समजतील म्हणून.

समजू देत. मी जिवंत आहे. डोक्यावरून पदर घे, कुंकू मोठे लाव आणि ये. वापी स्टेशनवर मी उभा राहीन. घरापर्यंत तुझ्यापुढे चालेन, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

केस थोडे असतील तर शिकेकाई थोडी लागेल. शेतवाला काय म्हणाला ते वर लिहिले आहे.

खाली सही केली आहे. नाव तू मोठ्याने घेणार नाहीस. मनात वाच.

तुझे कुंकू,
सदाशिव